गालावरची निळी गाठ
सदर : आरोग्याच्या चार गोष्टी



हळद शिजवून वाळवण्याचे दिवस संपत आले होते. जवळा बाजारच्या मोंढ्यात माल घालून एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन तसाच माझ्या दवाखान्यात आला. बरोबर मुलीची आई आणि आजी होती. मुलगी बारा वर्षांची. तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळलेली आणि नजर खाली.

बाप म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ही गाठ तेवढी चिरून टाका. पैशाचं मी बघतो. पोरगी शाळंत जाईना झाली."

ओढणी सोडायला लावली. उजव्या गालात आणि खालच्या ओठात मिळून मोठ्या लिंबाएवढी मऊ, निळसर गाठ होती. बोटाने दाबली की दबायची आणि बोट काढले की सावकाश पुन्हा भरून यायची.

आई हळूच म्हणाली, "खुरपाया वाकली की गाल टम्म फुगायलाय अन् निळा पडायलाय. उभी राहिली की घडीभरानं उतरतोय."

तेवढ्यात आजीने सुनावले, "गिऱ्हाणात हिनं विळीवर भाजी चिरली व्हती, त्याचं फळ हाय हे. मी तवाच सांगितलं व्हतं."

आईने मान खाली घातली. बारा वर्षे ती माउली हे ऐकत आली होती.

मी ती गाठ चिरली नाही. का चिरली नाही आणि पुढे काय केले, ते आज सांगायचे आहे. अशी गाठ असलेले लेकरू दहा-वीस गावांत मिळून एखादेच असेल, पण ते ज्याच्या घरी आहे त्याला योग्य वाट वेळेवर कळली पाहिजे.

माझी एक जुनी चूक

दवाखाना नवा होता आणि हात सुरसुरत होते, त्या काळातली ही गोष्ट. मानेवर मऊ गाठ घेऊन एक तरुण आला. पू झाला असेल असे धरून मी जाड सुई आत घातली. पू आला नाही. काळपट रक्त आले आणि थांबेना. बोटे दाबून अर्धा तास बसलो, मग पट्टी आवळून जीपने त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवले. पोरगा वाचला. त्याच्या नशिबाने वाचला, माझ्या हुशारीने नव्हे. तेव्हापासून चेहऱ्यावर किंवा मानेवर मऊ निळसर गाठ दिसली की हत्याराला हात लावण्याआधी मी रुग्णाला खाली वाकायला सांगतो. वाकल्यावर गाठ फुगली तर ती रक्ताने भरणारी गाठ आहे असे धरून चालतो.

ही गाठ कशाची?

आपल्या अंगात धमन्या हृदयाकडून रक्त नेतात आणि शिरा ते परत आणतात. पाटाच्या पाण्याने भिजणारे शिवार डोळ्यांपुढे आणा. चारी नीट खोदलेली आणि काठ मजबूत असले म्हणजे पाणी सरळ पुढे जाते. पण एखाद्या जागी चारीचे काठच पातळ आणि ढिले पडले, तर पाणी तिथे पसरते, साचते आणि डबके होते. या गाठीत तसेच होते. चांगल्या शिरेच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. या शिरांमध्ये तो अपुरा असतो. त्यामुळे शिरा फुगून एकमेकींत मिसळतात आणि त्यांत रक्त सावकाश फिरत राहते. डॉक्टर याला 'व्हीनस मालफॉर्मेशन' म्हणतात. आपण शिरांची जन्मजात गाठ म्हणू.

ही गाठ कर्करोग नाही. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. बहुतेकांच्या बाबतीत गर्भात शरीर घडत असताना एखाद्या पेशीतल्या बीजसूत्रात बदल होतो, आणि त्या पेशीपासून पुढे वाढलेल्या शिरा अशा ढिल्या राहतात. अशा जवळजवळ निम्म्या गाठींत हा बदल 'टाय-टू' नावाच्या एका जनुकात सापडतो. तेव्हा ग्रहण, विळी, कुणाची नजर, पूर्वजन्मीचे पाप यांचा याच्याशी काही संबंध नाही. त्या दिवशी मी आजीबाईंना हेच सांगितले, सुनेच्या समोर सांगितले. आजी काही बोलल्या नाहीत. आईने मात्र पदराने डोळे पुसले.

गाठ जन्मापासून असते, पण कित्येकदा सुरुवातीला दिसत नाही. लेकरू वाढते तशी तीही वाढते. वयात येताना आणि पुढे गरोदरपणात ती जास्त फुगू शकते. ती आपोआप जिरत नाही. कधी कधी आत साचलेले रक्त गोठते, तेव्हा ती एकाएकी दुखू लागते. जुन्या गुठळीवर चुना साचून हरभऱ्याएवढे कडक खडेही होतात. त्या मुलीच्या गालात असे दोन खडे हाताला लागत होते.

शिरांपासून होणाऱ्या गाठींचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत ग्रंथींचे प्रकार सांगताना 'सिराज ग्रंथी' असा एक प्रकार वेगळा काढलेला आहे. आजच्या वैद्यकात मात्र या गाठींचा पुष्कळ काळ घोळ होता. तान्ह्या बाळाची लाल गाठ आणि ही निळी गाठ यांना एकच नाव होते आणि उपायही गोंधळाचे होते. १९८२ साली अमेरिकेतील मलिकन आणि ग्लोवाकी या दोघांनी यांची स्पष्ट विभागणी केली, आणि तेव्हापासून उपचाराला दिशा मिळाली.

घरच्या घरी ओळख

पक्के निदान डॉक्टरच करतील, पण ढोबळ ओळख घरच्यांनाही पटू शकते.

(१) बाळ जन्मल्यावर थोड्या आठवड्यांत लालभडक डाग उठला आणि भराभर वाढू लागला, तर ती बहुधा तान्हेपणीची रक्तगाठ. ती वर्षभर वाढते आणि पुढे काही वर्षांत पुष्कळशी जिरते. डोळा, नाक, ओठ यांच्याजवळ असेल तर मात्र थांबू नये. २००८ साली फ्रान्समधील डॉक्टरांना असे आढळले की प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकारातले औषध पोटात दिल्याने ही गाठ बसते. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

(२) मऊ, निळसर, दाबली की दबणारी, वाकल्यावर, रडल्यावर किंवा कुंथल्यावर फुगणारी गाठ ही बहुधा शिरांची गाठ.

(३) हाताला गरम लागणारी आणि नाडीसारखी उडणारी गाठ धमनीची असू शकते. ती सर्वांत धोक्याची. तिला कुणालाही टोचू देऊ नका, थेट मोठे रुग्णालय गाठा.

(४) कातडीखाली सरकणारी, वाकल्याने न फुगणारी, निळी नसलेली गाठ म्हणजे चरबीची गाठ किंवा आवाळू असू शकते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या गाठीला बिब्बा घालणे, डाग देणे, दाभणाने टोचणे, दोरा बांधणे यांतले काहीही करू नका. वरची कातडी जळते, जखम चिघळते आणि आतले डबके तसेच राहते.

सुईचा उपाय

आता तुम्ही विचाराल, चिरायचे नाही तर करायचे काय? लहान आणि एका जागी असलेली गाठ कुशल सर्जन कापून काढू शकतात. पण चेहऱ्यावरची गाठ पुष्कळदा कातडी, मांस आणि नसा यांत पाण्यासारखी मुरलेली असते. कापायला गेले तर रक्त फार जाते. डोळा मिटवणारी, ओठ हलवणारी नस तुटली तर तोंड जन्मभर वाकडे राहते. म्हणून पुष्कळ रुग्णांत आधी सुईचा उपाय करतात. त्याला 'स्क्लेरोथेरपी' म्हणतात.

तत्त्व सोपे आहे. गाठीतल्या फुगलेल्या शिरांमध्ये असे औषध सोडायचे की शिरेचे आतले अस्तर खराब होईल. मग तिथले रक्त गोठते, भिंती एकमेकींना चिकटतात आणि काही आठवड्यांत त्या जागी आकसलेला वण राहतो. डबके बुजले की रक्त आजूबाजूच्या चांगल्या शिरांतून वाट काढते.

पण औषध सोडण्याआधी डबक्याचे पाणी कुठे निघते ते पाहावे लागते. विहिरीला जोडलेल्या चारीत कुणी विषारी औषध ओतील का? चेहऱ्याच्या काही शिरा डोळ्याच्या कोपऱ्यातून आत मेंदूकडच्या शिरांना मिळतात. म्हणून आधी डॉपलर सोनोग्राफी करतात, गाठ किती खोल आहे हे पाहायला एमआरआय करतात, आणि मोठ्या गाठीत रक्त गोठण्याच्या तपासण्याही करतात. मग बहुधा भूल देऊन, सोनोग्राफीत पाहत सुई आत घालतात. पडद्यावर दिसणारे रंगाचे औषध आधी सोडून ते कुठे जाते हे क्ष-किरणाखाली तपासतात आणि त्यानंतरच खरे औषध देतात. हे काम त्यातल्या जाणकाराचे. माझ्यासारख्या खेड्यातल्या डॉक्टरने ते करू नये आणि तुम्ही करून घेऊ नये.

औषधे तीन-चार प्रकारची आहेत. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे साबणाच्या जातीचे औषध १९४६ पासून शिरांसाठी माहीत आहे. पोलिडोकॅनॉल हे तशाच कामाचे दुसरे. ही औषधे हवेबरोबर घुसळून फेस केला की थोडे औषध पुष्कळ जागेला लागते. इटलीच्या टेसारी या डॉक्टरांनी दोन सिरिंजा एका तीन तोंडांच्या तोटीला जोडून, औषध इकडून तिकडे ढकलून फेस काढण्याची साधी युक्ती २००० साली प्रसिद्ध केली. आपल्या बायका रवीने ताक घुसळतात तसलाच हा प्रकार. तिसरे औषध म्हणजे शुद्ध अल्कोहोल. ते सर्वांत जोरकस, पण कातडी आणि नसा जाळण्याचा धोकाही त्याचाच अधिक. म्हणून चेहऱ्यावर ते फार जपून वापरतात. चौथे ब्लिओमायसिन. त्याची गोष्ट पुढे येईल.

मुलीचे पुढे काय झाले

मी चिठ्ठी लिहून मुलीला नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले. तपासण्या झाल्यावर तिथून तिला पुढे मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जायला सांगितले. बाप आधी कुरकुरला. "एका गाठीपायी एवढं लांब?" पण गेला.

पहिली सुई झाली आणि तिसऱ्या दिवशी गाल पहिल्यापेक्षा दुप्पट सुजला. आजीने घर डोक्यावर घेतले. "व्हतं ते बरं व्हतं, पोरीचं वाटोळं केलं!" बापाचा फोन आला. मी सांगितले, सूज येणारच. औषधाने आत जळजळ होते म्हणूनच शिरा चिकटतात. दोन-तीन दिवस वाढते आणि आठ-पंधरा दिवसांत ओसरते. तशी ती ओसरली.

दीड-दोन महिन्यांच्या अंतराने दुसरी सुई झाली. गाल पुष्कळ उतरला. ओठाजवळचा भाग नाजूक, म्हणून तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी ब्लिओमायसिन द्यायचे ठरवले. कागदावरचे नाव वाचून कुणीतरी बापाला सांगितले, "हे तर कॅन्सरचं औषध." बाप मुलीला घेऊन परत आला आणि चार दिवस कुणाशी बोलला नाही. मग एका रात्री माझ्या दारात उभा राहिला. "डॉक्टरसाहेब, खरं सांगा. माझ्या पोरीला कॅन्सर हाय का?"

मी त्याला बसवले आणि सांगितले ते असे. हे औषध जपानच्या हमाओ उमेझावा यांनी १९६६ साली मातीतल्या एका सूक्ष्म जिवाणूपासून शोधले. ते कर्करोगात वापरतात हे खरे. पण तेच औषध थोड्या मात्रेत शिरांच्या आतल्या अस्तरावरही काम करते. त्याने सूज कमी येते. म्हणून डोळा, ओठ, जीभ, घसा अशा जागी, जिथे सुजेला जागाच नाही तिथे, डॉक्टर ते पसंत करतात. एकाच नांगराने कपाशीचेही रान नांगरतो आणि हळदीचेही. नांगर कपाशीचा म्हणून रान कपाशीचे ठरत नाही.

तो रडला आणि मग हसला. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन पुन्हा गेला.

या औषधाबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एकूण मात्रा फार झाली तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून प्रत्येक वेळची मात्रा लिहिलेला कागद जपून ठेवा. पुढे कधीही दुसरे ऑपरेशन करायचे झाले तर भूल देणाऱ्या डॉक्टरला हा कागद आधी दाखवा. दुसरे असे की सुईनंतर कातडीला चिकटपट्टी लावू नये आणि खाजवू नये. तिथे काळे पट्टे उठतात आणि ते बरेच दिवस राहतात.

घरी आल्यावर

उशाला दोन उशा घेऊन डोके उंच ठेवून झोपावे. डॉक्टर सांगतील तोवर वाकून करायची कामे नकोत. निंदणी, खुरपणी, डोक्यावरचा हंडा सगळे बंद. ओठात किंवा गालात सुई झाली असेल तर खिचडी, लापशी, ताक असे मऊ आणि गार अन्न द्यावे. पाणी भरपूर पाजावे. लघवी लाल झाली तर डॉक्टरांना कळवावे. दुखते म्हणून दुकानातली ॲस्पिरिनची गोळी आपल्या मनाने देऊ नये.

कातडी काळी पडली, फोड आले, डोळा मिटेना, नजर अंधुक झाली, ताप आला किंवा श्वास अडू लागला तर सकाळची वाट पाहू नका. लगेच निघा.

जीभ किंवा घशातल्या गाठीचे लेकरू रात्री मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास थांबून दचकत असेल, तर ते आधीच रुग्णालयात दाखवा. अशा मुलाला सुई देताना सुजेने श्वास अडू नये म्हणून डॉक्टर आधीच तजवीज करतात.

गाठीला मार लागून रक्त आले तर मुलाला बसते ठेवा आणि स्वच्छ कापड दहा-पंधरा मिनिटे न उचलता घट्ट दाबून धरा. हळद, राख, तंबाखू, चुना यांतले काही भरू नका. दाबून धरूनच वाहनात बसा.

कुठे जायचे?

गावात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांच्या तपासणीचे सरकारी पथक येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या नावाने हे काम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातल्या पालघर येथून सुरू झाले. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते आहे. पथक आले की लेकराला घरी लपवू नका, ओढणी काढून गाठ दाखवा आणि पुढची चिठ्ठी मागा. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी ही जुनी ठिकाणे आहेतच. परभणीला २०२३ पासून आणि हिंगोलीला २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत. पहिली तपासणी जवळ करून घ्या. सुईसाठी पुढे मुंबईपर्यंत जावे लागले तर चिठ्ठी, सोनोग्राफी, एमआरआयचे कागद बरोबर न्या, म्हणजे तेच पुन्हा करावे लागणार नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळेल हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ असू द्या.

आणि डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा : गाठ शिरेची आहे की धमनीची? औषध कोणते आणि किती वेळा? या जागी कोणत्या नसेला धोका आहे? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

खोटी आशा मात्र ठेवू नये. सुईने गाठ बहुधा लहान होते, दुखणे कमी होते, रूप सुधारते, पण प्रत्येक वेळी ती मुळापासून जात नाही. काही वर्षांनी पुन्हा भरू शकते आणि पुन्हा सुई घ्यावी लागते. फार पसरलेल्या गाठीसाठी सिरोलिमस नावाचे पोटात घेण्याचे औषधही आता काही ठिकाणी देतात. ते रक्ततपासणी करत द्यावे लागते.

त्या मुलीला वर्षभरात चार सुया झाल्या. ओठ अजून किंचित जाड आहे, गालावर निळसर छटा आहे आणि हसली की तोंड थोडे एका बाजूला जाते. पण ती हसते. शाळेत जाते. मागच्या महिन्यात आजी तिला घेऊन बाजाराला आल्या होत्या. ताप नव्हता, खोकला नव्हता. मी विचारले, "आजी, आज काय काम काढलं?"

आजी म्हणाल्या, "काम काही नाही. आमच्या वस्तीवर एक लेकरू हाय, त्याच्या जिभंला अशीच निळी गाठ हाय. त्याच्या मायला लोक बोलायलेत. मी सांगितलं, तिचा काय दोष नाही म्हून. पण कुठं जायचं ते कागदावर लिहून द्या."

मी लिहून दिले.